अडखळणाऱ्या शब्दावरची नजर

तोतरे बोलणारा प्रौढ माणूस एकटा असताना स्वतःशी मोठ्याने बोलू लागला, तर तो जवळजवळ अजिबात अडखळत नाही. ज्यांना हा त्रास आहे ते हे पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यावर शास्त्रीय शिक्कामोर्तब मात्र अलीकडचे. न्यूयॉर्क विद्यापीठातील एरिक जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ प्रौढांना संगणकावर डोके खाजवायला लावणारे काम दिले होते. आपले बोलणे कोणीही ऐकत नाही, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली. अवघड काम करताना माणसे पुटपुटतात, स्वतःला सूचना देतात, तशी तीही बोलली. हजारो अक्षरांच्या त्या ध्वनिमुद्रणात अडखळणे शोधूनही जवळजवळ सापडले नाही. नंतर तेच बोलणे दोन श्रोत्यांसमोर पुन्हा म्हणायला लावले, तेव्हा अडखळणे परतले. जीभ तीच, शब्द तेच. फरक पडला होता तो फक्त समोर कोणी असण्याचा.

हा निष्कर्ष ऐकला की घाईने एक अर्थ काढला जातो: म्हणजे हा सगळा मनाचा खेळ, मुलगा भित्रा आहे, आत्मविश्वास आला की सुटेल. आपल्या घराघरांत, शिक्षकांच्या खोलीत आणि नोकरीच्या मुलाखतीत हाच अर्थ पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. तोतरेपणाची सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात होते. चारचौघांत आपण कसे दिसतो याची लाज त्या वयात मुलाला पुरती कळतही नसते. लाज नंतर येते, अडखळणे आधी. ते घराण्यांतून चालत येते, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता दिसली आहे आणि २०१० पासून त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकेही ओळखता आली आहेत. मेंदूच्या प्रतिमांमध्ये डाव्या अर्धगोलातील, बोलण्याची योजना आणि बोलण्याच्या हालचाली यांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये सूक्ष्म फरक आढळतात. साधारण पाच टक्के मुले केव्हा ना केव्हा तोतरे बोलतात, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश आपोआप सावरतात आणि प्रौढांमध्ये शंभरात एक माणूस उरतो. या हिशेबाने एकट्या महाराष्ट्रात दहा लाखांच्या आसपास माणसे रोज हा अनुभव घेत असणार.

मग एकांतात अडखळणे का थांबते? मूळ कारण मेंदूच्या घडणीत आहे, पण त्या घडणीवर भार किती पडतो यावर एखाद्या क्षणी शब्द अडणार की नाही हे ठरते. आणि कोणीतरी आपल्याला ऐकत आहे, जोखत आहे, ही जाणीव हा त्यातला फार मोठा भार आहे.

बोलणे ही माणसाच्या शरीरातील अत्यंत वेगवान कसरत आहे. श्वास, स्वरतंतू, जीभ, ओठ, जबडा, टाळू यांची सांगड एका सेकंदात पाच-सहा अक्षरे बाहेर काढते आणि आपले त्याकडे लक्षही नसते. लक्ष नसते म्हणूनच ते जमते. जिना भराभर उतरणाऱ्याने मध्येच प्रत्येक पाऊल कुठे पडते ते पाहायला सुरुवात केली, तर तो अडखळतो. सरावाने अंगवळणी पडलेल्या कौशल्यावर जाणीवपूर्वक पहारा बसवला की ते बिघडते, हे क्रीडा-मानसशास्त्राने वारंवार दाखवले आहे. रिच मास्टर्स यांच्या १९९२ मधील गोल्फच्या प्रयोगात, ज्यांना चेंडू मारण्याचे नियम पढवले होते त्यांचा खेळ दडपणाखाली ढासळला. नियम न सांगता शिकलेल्यांचा ढासळला नाही.

बोलण्याच्या बाबतीत हा पहारा कानांतूनही चालतो. आपण बोलतो आणि स्वतःचा आवाज ऐकत त्याची तपासणी करतो. नीट बोलणाऱ्या माणसाच्या कानात त्याचाच आवाज सेकंदाच्या एका छोट्या अंशाने उशिरा सोडला, तर तो भांबावून अडखळू लागतो. उलट तोतरे बोलणाऱ्या अनेकांना तेच उपकरण मदत करते; कानात मोठा घरघराट सोडून स्वतःचा आवाज ऐकू येईनासा केला तर पुष्कळांचे बोलणे सुधारते. नेदरलँड्समधील वासिक आणि वाइनन या संशोधकांनी २००५ मध्ये यातून एक दुष्टचक्र मांडले. बारीकसारीक अडथळे सर्वांच्याच बोलण्यात असतात. तोतरे बोलणाऱ्याचा आतला तपासनीस इतका कडक असतो की तो त्या क्षुल्लक अडथळ्यालाही थांबवतो, दुरुस्त करू पाहतो आणि ती दुरुस्ती हाच नवा अडथळा होतो. हे गृहीतक आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण ज्याने हे भोगले आहे त्याला त्यात आपली ओळख पटते.

हे चक्र उघड्या डोळ्यांनी पाहायचे तर कोणत्याही शाळेतील हजेरी पाहावी. एका मुलाचा पटावरचा क्रमांक ३१ आहे असे समजू. बाई पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतात. विसाव्यापासूनच त्याचा घसा आवळायला लागतो. ‘हजर’ हा एवढासा शब्द तो मनात दहा वेळा म्हणून पाहतो, शेजाऱ्याला कळणार नाही असे ओठ हलवतो, श्वास आधीच भरून ठेवतो आणि पाळी येण्याआधीच तो संपवून बसतो. क्रमांक पुकारला जातो. तोंड उघडे राहते, आवाज फुटत नाही. मागच्या बाकावर खुसखुस होते. बाई पटावरून मान वर न करता पुढचा क्रमांक घेतात आणि वर्गात बसलेल्या मुलाची गैरहजेरी लागते. उद्याच्या हजेरीची धास्ती त्याच्या मनात आजपासूनच सुरू होते.

याच मुलाने अर्ध्या तासापूर्वी परिपाठाला सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा खणखणीत म्हटलेली असते. गणपतीत आरत्या म्हणताना तो कधी अडलेला नसतो, गाणे म्हणताना नाही, गोठ्यातल्या वासराशी बोलतानाही नाही. हे पाहून मोठी माणसे म्हणतात, ‘तेव्हा बरे जमते, मग आताच काय झाले? नाटके करतो.’ या एका वाक्याने जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच कशाने केले असेल. समूहात एकसुरात बोलताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, हे जगभर शंभर वेळा तपासलेले सत्य आहे. शब्दाची वेळ तिथे बाहेरून ठरून येते. इतरांचा आवाज त्याच्या आवाजाला ओढून नेतो. आणि त्या गर्दीत त्याच्या एकट्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नसते. तो नाटक करत नाही. प्रतिज्ञा आणि हजेरी ही त्याच्या मेंदूसाठी दोन वेगळी कामे आहेत.

मोठेपणी पहारा अधिक हुशार होतो. माणूस पुढच्या वाक्यातील धोक्याचे शब्द दुरूनच हेरतो आणि ऐन वेळी रस्ता बदलतो. ‘पोहे’ अडणार असे वाटले की उपमा मागवतो. पुण्यात दांडेकर पुलाला उतरायचे असते, पण ‘द’ निघणार नाही म्हणून कंडक्टरकडे स्वारगेटचे तिकीट मागतो आणि चार पैसे जास्त देतो. वाक्याच्या सुरुवातीला ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘काय आहे की’ पेरून वेग घेतो. असे काही जण इतके तरबेज होतात की त्यांच्या बायकोलाही वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. ऐकणाऱ्याला ते नीट बोलणारे वाटतात. त्यांच्या डोक्यात मात्र प्रत्येक संभाषणाच्या वेळी दोन कामे चालू असतात, एक बोलण्याचे आणि एक लपवण्याचे. एकच शब्द असा आहे ज्याला पर्याय नाही: स्वतःचे नाव. म्हणून नावापाशीच माणूस सर्वाधिक अडतो आणि समोरचा हसून विचारतो, ‘काय हो, नाव विसरलात की काय?’

लक्ष वेधल्याने मुलावर काय परिणाम होतो याचा सर्वांत क्रूर प्रयोग अमेरिकेत झाला. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत असत. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, ऐकणाऱ्या आईबापांच्या धास्तीत जन्मतो, असे त्यांचे मत बनत होते. त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने १९३९ मध्ये डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुले निवडली. त्यांत नीट बोलणारी सहा मुले अशी होती, ज्यांना तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणे दिसतात, धड बोलता येत नसेल तर बोलू नका, असे पुन्हापुन्हा सांगण्यात आले. या प्रयोगावरचा तिचा प्रबंध दशकानुदशके ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात असलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना भरपाई दिली.

या प्रयोगाचे खरे फलित पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. मुले तोतरी झाली, असे म्हणतात. निकोलीन अँब्रोस आणि एहुद याइरी या तज्ज्ञांनी २००२ मध्ये त्यातील नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा मुलांमध्ये तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मुले गप्प झाली होती. ती बोलायला टाळाटाळ करू लागली, एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली, मिटून गेली. सतत रोखलेल्या नजरेने मेंदूची घडण बदलत नाही. पण आधीच अडखळणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती नजर आली तर अडखळण्यावर भीतीचा, टाळण्याचा आणि मौनाचा जो थर चढतो, तो मूळ त्रासापेक्षा मोठा होऊ शकतो. तोतरे बोलणाऱ्या प्रौढांमध्ये लोकांसमोर जाण्याची तीव्र भीती इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते, त्याचे मूळ या थरात आहे.

जॉन्सन यांच्या मताचा दुसरा तोटा असा की दोन-तीन पिढ्यांच्या आया विनाकारण अपराधी ठरल्या आणि ‘त्याच्या अडखळण्याकडे लक्षच देऊ नका, ऐकलेच नाही असे दाखवा’ हा सल्ला रूढ झाला. आजही अनेक घरांत तो पाळला जातो. मूल अडते, सगळे क्षणभर स्तब्ध होतात, मग कोणीतरी घाईने ताटातल्या भाजीचा विषय काढते. मुलाला सगळे कळते. जे इतके उघड असूनही कोणी त्याचे नाव घेत नाही, ते लाजिरवाणे असणार, हे ते त्या शांततेतून शिकते. ऑस्ट्रेलियात सिडनीत विकसित झालेल्या लिडकोंब पद्धतीने या समजुतीला छेद दिला. त्यात पालकच रोज घरी मुलाच्या सहज बोलण्याचे कौतुक करतात आणि क्वचित, प्रेमाने, शब्द अडल्याचीही नोंद घेतात. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या मुलांचे अडखळणे उपचार न मिळालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. त्याविषयी बोलल्याने बिघडत नाही. ‘शब्द अडकला होता ना? होतं असं. मी ऐकतेय, सांग,’ एवढे आईने म्हणणे पुरेसे असते. बिघडवते ते धास्तावलेले लक्ष, तोंडावर खिळलेली नजर, सोडलेला उसासा.

लक्ष दुसरीकडे वळवले की बोलणे सुधारते, हा अनुभव खरा आहे आणि त्याचाच धंदा होतो. मांडीवर चापटी मारत बोला, एकेक अक्षर ताणून बोला, तालावर बोला, आणि काही दिवसांत तोतरेपणा मुळापासून बंद, अशा जाहिराती कुठेही भिंतींवर आणि आता मोबाइलवर दिसतात. अशा वर्गांच्या चित्रफिती खोट्या नसतात. बोलण्याची कोणतीही नवी, अनोळखी पद्धत सुरुवातीला तोतरेपणा कमी करते, कारण लक्ष त्या पद्धतीत गुंतते आणि सगळे जण आपल्यासारखेच असलेल्या खोलीत भीतीही कमी असते. पद्धत सवयीची झाली, खोलीबाहेर फोन वाजला, की बोलणे मूळ पदावर येते. तेव्हा संचालक सांगतात, तुमचा सराव कमी पडला. पैसे जातात ते जातातच, वर दोषही पदरात पडतो. वेखंड आणि अक्कलकाढा चघळण्याच्या घरगुती उपायाने निदान एवढे नुकसान होत नाही. दुसऱ्या टोकाला, जर्मन शल्यविशारद डिफेनबाख यांनी १८४१ मध्ये याच त्रासासाठी रुग्णांच्या जिभेचा तुकडा कापला होता. जिभेचा यात दोष नाही हे कळायला किती माणसांना किती सोसावे लागले, याची ती एक नोंद.

टिकाऊ वाट उलट्या दिशेची आहे आणि ती दाखवणारे पुष्कळ जण स्वतः तोतरे बोलणारे होते. मिशिगनमधील चार्ल्स व्हॅन रायपर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात जी उपचारपद्धत उभी केली, तिचा गाभा असा: अडखळण्यापासून पळू नका, त्याच्याकडे शांतपणे पाहा. शब्द अडला त्या क्षणी ताण कुठे आहे, ओठांत की घशात, हे ओळखा आणि तो हळूहळू सैल करत शब्दातून बाहेर पडा. त्यात मुद्दाम तोतरे बोलण्याचाही सराव असतो. मंडईत भाजीवाल्या मावशींसमोर उभे राहून स्वतःहून ‘भ-भ-भेंडी कशी दिली?’ विचारायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत उत्तराची वाट पाहायची. मावशी बहुधा भाव सांगून मोकळ्या होतात. ज्याला लपवायचे होते तेच आपण होऊन मांडल्यावर पहारेकऱ्याला काम उरत नाही. वरवर पाहता इथेही लक्ष अडखळण्यावरच आहे, पण लपवण्यासाठी ठेवलेले लक्ष आणि समजून घेण्यासाठी दिलेले लक्ष यांचा शरीरावरचा परिणाम अगदी वेगळा असतो.

संभाषणाच्या आरंभीच ‘मी अडखळत बोलतो, मला थोडा वेळ लागेल’ असे सांगण्याचा फायदाही अभ्यासांत दिसला आहे. टेक्सास विद्यापीठातील कोर्टनी बर्ड यांच्या गटाला आढळले की अशा वक्त्याबद्दल श्रोत्यांचे मत अधिक चांगले होते, पण ते माफी मागितल्याच्या सुरात सांगितले तर हा लाभ मिळत नाही. आणखी एक निष्कर्ष प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील रॉस मेंझीस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की विचार-वर्तन उपचारांनी भीती आणि टाळाटाळ ठळकपणे कमी होते, मात्र अडखळण्याचे प्रमाण त्यामुळे वेगळे घटत नाही. म्हणजे भीती गेली की तोतरेपणा जाईल, हे आश्वासन कोणी देऊ नये. फोन उचलता येतो, मुलाखतीला जाता येते, लेकीच्या शाळेत पालकसभेत प्रश्न विचारता येतो. शब्द अडतो तेव्हा अडतो. आमच्या मते हा सौदा पूर्ण बरे होण्याच्या खोट्या आशेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

कोणीतरी जोखत असल्याचा हा भार माणूस एकटा निर्माण करत नाही, समोरच्याच्या नजरेतून तो येतो. म्हणून अर्धे काम समोरच्याचे आहे. ‘हळू बोल’, ‘आधी श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ हे सल्ले प्रेमाने दिलेले असले तरी ते बोलणाऱ्याचे लक्ष सांगायच्या गोष्टीवरून काढून पुन्हा तोंडावर आणून ठेवतात. अर्धवट शब्द आपण पुरा करून देणे हीही मदत नव्हे. बरेचदा आपण चुकीचा शब्द पुरा करतो आणि बिचारा माणूस तोच मान्य करून गप्प बसतो. नजर नेहमीसारखी ठेवावी, वेळ द्यावा आणि उत्तर तो काय म्हणाला याला द्यावे, कसे म्हणाला याला नव्हे.

पालकांसाठी एवढेच: दोन ते पाच वर्षांचे मूल सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळत असेल, बोलताना चेहरा आवळत असेल, पाय आपटत असेल किंवा घराण्यात कोणी तोतरे बोलणारे असेल, तर ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून थांबू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांच्या वाक्-श्रवण विभागांत याची तपासणी होते. शाळेत जाण्याच्या वयाआधी सुरू झालेला उपचार सर्वाधिक फळतो. मोठ्यांसाठी ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वमदत गट आहेत, तिथे कोणी घड्याळ पाहत नाही.

शाळांकडे मात्र आमचे ठाम मागणे आहे. हजेरी हात वर करून घेता येते. परिपाठात बातमी वाचायची की फलकावर सुविचार लिहायचा, हे मुलाला आधी एकट्याला विचारता येते. तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता शिक्षकांच्या टेबलाशी घेता येते, आणि तोंडी परीक्षेचे गुण उत्तराला द्यायचे असतात, ओघाला नव्हे. यातल्या कशालाही शासन निर्णयाची, निधीची किंवा प्रशिक्षण शिबिराची गरज नाही. मुख्याध्यापकांनी ठरवले तर उद्याच्या पहिल्या तासापासून हे सुरू होऊ शकते. त्यांनी ते करावे.